फोटो म्हणजे बाळाची पत्रिका नव्हे

मैत्रिणींनो, अपुऱ्या दिवसांचं बाळ काचेच्या पेटीत असतं आणि बाहेर नातेवाइकांचा एकच प्रश्न, "डोक्याची सोनोग्राफी झाली का? काय निघालं?" मग रिपोर्ट घरच्या ग्रुपवर फिरतो आणि चार दिवसांच्या जिवाचं पुढचं आयुष्य तिथेच ठरवलं जातं. हे थांबायला हवं, असं मला वाटतं.

आधी ही तपासणी समजून घेऊ. आपण जिथे टाळू भरतो, तिथे हाड अजून जुळलेलं नसतं. त्याच मऊ जागेतून सोनोग्राफीने मेंदू दिसतो. बाळाला दुखत नाही, पेटीजवळच तपासणी होते. ३० आठवड्यांच्या किंवा त्याआधीच्या बाळांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या फार नाजूक असतात आणि रक्तस्राव झालाच तर बहुधा पहिल्या तीन दिवसांत होतो. म्हणून त्यांची ही तपासणी आवर्जून करतात. रक्तस्रावाच्या चार पायऱ्या असतात. पहिल्या दोन सौम्य, पुढच्या दोन काळजीच्या. "रक्तस्राव आहे" एवढंच ऐकून हातपाय गाळू नका; पायरी कोणती, ते विचारा.

एमआरआयमध्ये अधिक बारीक दिसतं. २००६ साली १६७ बाळांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ४० आठवड्यांच्या सुमारास काढलेल्या एमआरआयमध्ये ज्यांच्या मेंदूच्या पांढऱ्या भागाला जास्त इजा दिसली, त्यांना दोन वर्षांच्या वयात अडचणी जास्त होत्या. म्हणजे फोटोला अर्थ आहेच. पण इजा दिसूनही छान वाढलेली मुलं असतात आणि फोटो स्वच्छ असूनही मागे पडलेली असतात. म्हणूनच अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये सांगितलं, की सरसकट प्रत्येक बाळाचा एमआरआय नको. तुम्हीही डॉक्टरांना विचारा, "याने उपचारात काही बदलणार आहे का?"

मग भरवसा कशावर ठेवायचा? बाळाकडे वर्षानुवर्षं लक्ष ठेवण्यावर. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९८७ ते ८९ मधल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा अठरा वर्षांपर्यंत मागोवा घेतला. त्यांचा बुद्ध्यांक इतरांपेक्षा सरासरीने कमी भरला, तरी सामान्य मर्यादेत होता. मात्र बाराव्या वर्षी वाचन आणि गणितात त्यांची ओढाताण दिसली. अशी अडचण शाळेत गेल्यावरच कळते. पेटीतल्या बाळाच्या रिपोर्टमध्ये ती शोधून कशी सापडणार?

म्हणून घरी हे सांभाळा. वय मोजताना बाळ जितकं लवकर आलं, तितके दिवस वजा करा. ३२ व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं, तर ते चार महिन्यांचं समजा. दोन वर्षांपर्यंत असंच मोजा. शेजारच्या बाळाशी तुलना आपोआप थांबेल. डोळ्यांची आणि कानांची तपासणी चुकवू नका. डोळ्यांची तर सांगितलेल्या तारखेलाच, एक दिवसही पुढे ढकलू नका. रिपोर्ट चांगला आला म्हणून फॉलोअप सोडू नका. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी बालविकास तपासणी केंद्र असतं, तिथे मोफत सोय आहे.

आणि सासूबाईंनो, नणंदांनो, "हिनेच काहीतरी केलं असेल" हे वाक्य गिळून टाका. बाळंतिणीला बाळ छातीशी धरून निवांत बसू द्या, बाकीचं घर तुम्ही बघा. त्या बाळाला तुमच्या निदानापेक्षा याची गरज जास्त आहे.