राक्षस वाढवू नका, वाट अडवा!

रविवारी चौघं-पाचजण डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळायला बसता. लढाईची सुरुवात भारी होते. मग? राक्षसाचे ऐंशी हिट पॉइंट्स उरलेत, फासे पडतायत, नुसती वजाबाकी चाललीय. ज्याचा टर्न नाही तो रील्स बघतोय. पुढच्या रविवारी तो येतच नाही. दोष त्याचा नाही, लढाई रचणाऱ्या डीएमचा आहे.

आपल्या खालापूर तालुक्यातली उंबरखिंड आठवा. फेब्रुवारी १६६१. शाहिस्तेखानाने पाठवलेला कारतलबखान घाट उतरून कोकणात येतोय. फौज मोठी, पण वाट अरुंद, दोन्हीकडे दाट झाडी, माणसं तहानलेली. पुढून शिवाजी महाराज, मागून नेताजी पालकर. सोबतच्या रायबागनने शरण जायचा सल्ला दिला. खानाने खंडणी भरली, फौज जीव वाचवून परतली. शेवटचा सैनिक पडेपर्यंत लढायची गरजच पडली नाही!

तुमच्या टेबलावरही हेच करा. आधी जागा ठरवा, मग शत्रू. दर दोन राउंडनी काहीतरी बदलू द्या: वाट बंद होईल, पाणी संपेल, मागून कुणी येईल. आणि शत्रू हरतोय हे दिसलं की त्याला बोलू द्या.

‘सोडून दिलं तर जिंकल्याचं फील कसं येणार?’ असं म्हणाल. अरे, त्याने काय देऊन सुटायचं हे तुमचे खेळाडू ठरवणार! त्या वाटाघाटीत फोन कुणी हातात घेणार नाही.

पटत नसेल तर खोपोलीला उतरा, चावणीजवळची ती जागा बघून या. पुढच्या रविवारचा नकाशा तिथेच सुचेल.