वाद्यांची सामाईक भाषा

गेल्या नाताळाच्या कार्यक्रमासाठीं आमच्या एका विद्यार्थ्यानें घरच्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर मोठ्या मेहनतीनें गीताची साथ बसविली व ती पेन ड्राइव्हमध्यें भरून आणिली. शाळेचा कीबोर्ड पडला दुसऱ्या कंपनीचा. त्यास ती फाइल वाचतांच येईना! मुलगा हिरमुसला. परंतु दोष त्याचा नव्हता. फाइल कोणत्या स्वरूपांत जतन करावी, हें त्यास आम्हींच कधीं सांगितलें नव्हतें. तें आतां सर्वांस सांगणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

पूर्वी निरनिराळ्या कारखान्यांच्या वाद्यांस एकमेकांची बोली कळत नसे. अमेरिकेंतील डेव्ह स्मिथ व जपानांतील इकुतारो काकेहाशी हे व्यापारांत प्रतिस्पर्धी; तथापि त्यांनीं पुढाकार घेऊन इतर कारखानदारांसह एक सामाईक पद्धति ठरविली. तीच मिडी होय. १९८३ च्या जानेवारींत एका कंपनीच्या कीबोर्डनें दुसऱ्या कंपनीचा कीबोर्ड वाजवून दाखविला. विशेष हें कीं, ही पद्धति वापरण्याबद्दल त्यांनीं कोणाकडूनही शुल्क मागितलें नाहीं. २०१३ सालीं उभयतांस ग्रॅमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

मिडी फाइलींत आवाज नसतो. कोणती पट्टी, केव्हां, किती जोरानें दाबावी, एवढाच मजकूर असतो. म्हणजे ती ध्वनिमुद्रिका नव्हे, स्वरलिपि होय. मग सतारीच्या जागीं तुतारी वाजूं नये म्हणून १९९१ सालीं ‘जनरल मिडी’ हें प्रमाण ठरलें. त्यांत १२८ आवाजांस क्रमांक दिले असून सोळा वाहिन्यांपैकीं दहावी तालवाद्यांसाठीं राखिली आहे. १०५ वा क्रमांक सतारीचा आणि ११२ वा सनईचा आहे.

कोणी म्हणतील, ‘ह्या मूळ यादींत आमचा तबला कोठें आहे? शिवाय क्रमांक एकच असला तरी प्रत्येक कंपनीची सनई निराळीच वाजते!’ हे आक्षेप खरे आहेत. परंतु प्रमाण अपुरें असेल तर तें वाढवावें, मोडूं नये. २०२० सालीं आलेली मिडीची दुसरी आवृत्तिही जुन्या वाद्यांस सांभाळून घेईल अशीच रचिली आहे.

यास्तव पालकांस आमची सूचना अशी कीं, कीबोर्ड घेतांना केवळ आवाजांची संख्या न पाहतां त्यावर जनरल मिडीचें चिन्ह आहे कीं नाहीं, हें अवश्य पाहावें. आणि विद्यार्थ्यांनो, कंपनीच्या खास स्वरूपांत गीत खुशाल जतन करा. पण सोय असेल तेथें ‘स्टँडर्ड मिडी फाइल’ या स्वरूपांतही एक प्रत ठेवा, व कार्यक्रमाच्या आधीं ती शाळेच्या वाद्यावर वाजवून पाहा. आपली कला दुसऱ्याच्या वाद्यावरही वाजावी, यांत कमीपणा नाहीं. प्रतिस्पर्धी व्यापाऱ्यांस जें उमगलें, तें एका वर्गांत बसणाऱ्या मुलांस कठीण कां वाटावें?