"हात धुऊन या" म्हणणाऱ्यांसाठी

मतदानाच्या दिवशी बोटाला शाई लागली की आपण लगेच फोटो टाकतो. रंगपंचमीचा रंग चार दिवस कानामागे राहिला तरी ऑफिसात कुणी नाक मुरडत नाही. मेंदी जितकी गडद तितकं कौतुक जास्त. पण चप्पल करणाऱ्याच्या बोटांना तपकिरी-काळा रंग दिसला रे दिसला की, "अहो, जरा हात धुऊन या की!"

हे वाक्य मी रेशन दुकानात ऐकलंय, बँकेच्या काउंटरवर ऐकलंय, लग्नाच्या पंगतीतही ऐकलंय. म्हणणाऱ्याला वाटतं, आपण स्वच्छतेचं बोलतोय. पण मित्रांनो, हा मळ नाही. तो धुऊन जात नाही. आणि तो घालवायच्या नादात आमच्या भागातले कारागीर हातांची जी वाट लावून घेतायत, त्याची जबाबदारी हे वाक्य बोलणाऱ्यांवर येते.

आधी साधं शास्त्र समजून घ्या. चामड्याचा रंग प्रथिनाला घट्ट धरून बसावा म्हणूनच बनवलेला असतो. चामडं प्रथिनाचं, आपली कातडीही प्रथिनाचीच. म्हशीचं कातडं कुठलं आणि माणसाचा तळहात कुठला, हे रंगाला कळत नाही. तो कातडीच्या वरच्या मेलेल्या थरात बसतो. हा थर साधारण दोन ते चार आठवड्यांत झडतो आणि डागही त्याच्याबरोबर जातो. तळहाताची कातडी जाड, तिथं थोडा जास्त वेळ लागतो. पण रोज रंगकाम करणाऱ्याला चार आठवडे सुट्टी कोण देणार?

मग माणूस काय करतो? थिनरनं हात घासतो. कुणी पेट्रोल घेतं, कुणी ब्लीच, कुणी फरशीचं अ‍ॅसिड. थिनरनं रंग थोडा निघतो, पण कातडीतलं तेलही निघून जातं. हात कोरडे पडतात, भेगा पडतात, खाज सुटते, आणि उद्याचा रंग त्या भेगांत आणखी खोल शिरतो. ब्लीच आणि अ‍ॅसिड चुकून एकत्र झालं तर क्लोरीन वायू तयार होतो. तो छातीत गेला तर थेट दवाखाना. आणि गंमत बघा, भेगाळलेल्या बोटांचा ठसा मशीनला आणखीनच लागत नाही. म्हणजे "हात धुऊन या" ऐकून घासून घासून आलेला माणूस पुन्हा परत.

रेशन दुकानदारांनो, एक गोष्ट लक्षात ठेवा. अंगठा लागला नाही म्हणून कुणाचा हक्क नाकारायचा नाही, असं आधार प्राधिकरणानं 24 ऑक्टोबर 2017 च्या परिपत्रकातच सांगितलंय. डोळ्यांच्या बुबुळाचा किंवा मोबाइलवरच्या ओटीपीचा पर्याय द्यायचा, तोही जमला नाही तर नोंद करून धान्य द्यायचं. हे माहीत नसेल तर माहिती करून घ्या. माहीत असूनही परत पाठवत असाल तर त्याला अडवणूक म्हणतात.

आता मोठ्यांकडे वळू. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये तसलीच चप्पल दिसली आणि अख्खा महाराष्ट्र पेटला. नेत्यांच्या पोस्ट, चॅनेलवर चर्चा, अस्मिता वगैरे. चांगलंच झालं. पण त्या सगळ्या गदारोळात चपलेखालच्या हाताबद्दल कोण बोललं? वेणी घालणाऱ्या, रंग लावणाऱ्या बायकांच्या बोटांबद्दल?

कामगार कायद्यात रसायनांमुळे होणारा त्वचारोग हा कामामुळे होणारा आजार म्हणून केव्हाच नोंदवलेला आहे. पण घरच्या सोप्यात बसून काम करणाऱ्याला कारखाना नाही, इन्स्पेक्टर नाही, म्हणून आजारही नाही! कॅन्सरचा धोका असलेल्या 112 रंगांवर केंद्र सरकारनं 1990 च्या दशकातच बंदी घातली. मग बाजारात सुट्या पुडीतून, नाव-गाव नसलेला रंग मिळतोच कसा? त्या पुडीत काय आहे, हे विकणाऱ्यानं सांगायला नको?

माझ्या मागण्या साध्या आहेत. एक, लेबल नसलेला चामड्याचा रंग विकायला बंदी करा आणि ती पाळली जाते का ते तपासा. दोन, विश्वकर्मा योजनेत अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत मिळते, त्यात नायट्राइलचे हातमोजे आलेच पाहिजेत, आणि चर्मोद्योग महामंडळानं ते वर्षभर पुरवले पाहिजेत. तीन, चर्मकार वस्त्यांत वर्षातून दोनदा तरी त्वचेच्या डॉक्टरांचं शिबिर घ्या. फीत कापायला हवं तर आमदारसाहेबांना बोलवा, पण डॉक्टर आणा.

तोवर कारागीर भावा-बहिणींनो, एवढं करा. कामाआधी हातांना खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन चोळा, नखं साबणाच्या वडीवर ओढा म्हणजे आत रंग शिरत नाही. पातळ हातमोजे मिळाले तर त्यातही वेणी घालता येते का ते करून बघा. रंग लागला की वाळू देऊ नका, लगेच साबण आणि कोमट पाणी. राहिलेल्या डागावर तेल आणि साखर हलक्या हातानं चोळा. स्पिरिटमधला रंग असेल तर कापसावर थोडं सॅनिटायझर घेऊन पुसा, लगेच धुवा, वर तेल लावा. हात फाटलेला असेल तर सॅनिटायझर नको. थिनर, पेट्रोल, ब्लीच कातडीला लावूच नका. उरलेला डाग राहू द्या, तो आपला आपण जातो.

आणि बाकीच्यांनो, पुढच्या वेळी कुणी कारागिराला रांगेतून "हात धुऊन या" म्हणून परत पाठवत असेल तर गप्प बसू नका. 2017 च्या परिपत्रकाचं नाव घ्या आणि त्याचं धान्य घेऊनच तिथून हला. तुमच्या गावात असं घडलं असेल तर कमेंटमध्ये लिहा, मी बातमी करतो.