सहीचा कागद

ऑक्टोबर १९४०. नाझींच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये सरकारी नोकर आणि प्राध्यापक यांच्यापुढे एक कागद आला. आपण आर्य की ज्यू, एवढं लिहून खाली सही करायची होती. ‘कागदच तर आहे’ म्हणत जवळजवळ सगळ्यांनी ती केली. महिनाभरात ज्यू प्राध्यापकांना घरी बसवण्यात आलं.

लायडन विद्यापीठात २६ नोव्हेंबरच्या सकाळी, अशाच घरी बसवलेल्या एदुआर्द मेयर्स या ज्यू प्राध्यापकांच्या तासाला कायदा विभागाचे डीन रुडॉल्फ क्लेव्हरिंगा उभे राहिले. आपले गुरू मेयर्स यांच्या बडतर्फीचं पत्र त्यांनी जसंच्या तसं वाचून दाखवलं आणि मग गुरूंची योग्यता सांगितली. दुसऱ्या दिवशी क्लेव्हरिंगांना अटक झाली. विद्यार्थ्यांनी संप केला, विद्यापीठ बंद पडलं. सहीनं काय होतं हे त्या पोरांनी आपल्याच वर्गात पाहिलं.

म्हणून मार्च १९४३ मध्ये देशभरातल्या विद्यार्थ्यांपुढे असाच सहीचा कागद आला तेव्हा बहुतेक जण फसले नाहीत. व्यापलेल्या प्रदेशातले कायदे इमानानं पाळीन, जर्मन राष्ट्र आणि सैन्य यांच्याविरुद्ध काही करणार नाही, असं त्यात लिहून द्यायचं होतं. सही नाही तर शिक्षण नाही. वर, पदवी मिळाली की जर्मनीच्या कामाला जुंपण्याची तरतूद त्याच हुकमात होती. मुदत १० एप्रिलची, मग ती १३ पर्यंत वाढवली.

जुलमानं घेतलेला शब्द बांधत नाही, सही करा आणि मनात येईल ते करा, असाही सल्ला तेव्हा मिळत होता. सल्ला देणाऱ्यांना मुलांची काळजी होती, हे मला मान्य आहे. सल्ला मात्र चुकीचा होता. मनात काय आहे याच्याशी त्या सत्तेला कर्तव्य नव्हतं, तिला सहीच हवी होती. १९४० च्या सह्या करणाऱ्यांच्या मनातही पाप नव्हतं.

नायमेगनचे रेक्टर हेर्मेस्दॉर्फ यांनी तर तो फॉर्म वाटलाच नाही, विद्यापीठ बंद केलं. एक कुलगुरू मुलांच्या आणि त्या कागदाच्या मध्ये उभा राहतो, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. देशभरात सुमारे ८५ टक्के विद्यार्थ्यांनी सही नाकारली.

मे महिन्याच्या सुरुवातीला हुकूम निघाला: सही न करणाऱ्यांनी हजर व्हावं, नाहीतर आईबापांना जबाबदार धरू. बहुतेक जण लपले. कुणी शेतकऱ्याच्या घरी, कुणी ओळखीच्या माळ्यावर. तीन हजारांहून अधिक मात्र हजर झाले आणि ओमेनच्या छावणीतून जर्मनीत कामाला गेले. त्यांना भेकड म्हणायला माझी जीभ रेटत नाही. घरच्यांसाठी ते गाडीत चढले, पण सही त्यांनीही केलेली नव्हती.