केरसुणीला हळदकुंकू, आणि केरसुणी धरणारीला?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपल्याकडे नवी केरसुणी पाटावर मांडतात आणि तिला हळदकुंकू वाहतात. प्रथा सुंदर आहे; तिच्याविरुद्ध मला एक अक्षरही लिहावयाचे नाही. मला लिहावयाचे आहे ते त्याआधीच्या आठवड्याबद्दल. त्या आठवड्यात घरोघरी, शाळांतून आणि कचेऱ्यांतून जी साफसफाई चालते, ती करणाऱ्या बाईच्या छातीत काय चालले आहे याची विचारपूस करणारा एक तरी यजमान, वाचकहो, तुमच्या पाहण्यात आहे काय?

माळ्यावरची वर्षाची धूळ ती काढते, कोळिष्टके ती काढते, आणि मग मोरी व संडास. आमच्या लहानपणी मोरीला राख, धुण्याचा सोडा, फार तर फिनेल असे. आता बाटल्यांची पलटणच आली आहे. एका बाटलीत ॲसिड, दुसरीत ब्लीच. डाग हटत नाही असे दिसले की घरधनीण म्हणते, "अगं, दोन्ही टाक की! आणि दार लावून घे, वास बाहेर येतोय." या दोन बाटल्या एकत्र झाल्या की क्लोरीन वायू सुटतो. 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जममधील ईप्रच्या रणभूमीवर जर्मन सैन्याने शत्रूच्या खंदकांवर जो सोडला, तोच हा वायू. मोरीत त्याचे प्रमाण थोडे असते, हे कबूल. पण ती मोरी बंद असते, आणि बाईला अशा चार घरच्या मोऱ्या धुवावयाच्या असतात.

उग्र वास आला म्हणजे स्वच्छता झाली, ही समजूत आपल्या डोक्यात कुणी भरवली कोण जाणे! जाहिरातवाल्यांनी भरवली असावी. पण आपणही ती आनंदाने भरवून घेतली. बहुतेक डाग साबण, पाणी आणि ब्रश यांनी निघतात. त्याला वेळ अधिक लागतो, इतकेच. आणि बाईच्या वेळाचे पैसे द्यावयाची तर आपली तयारी नसते.

मी मॅट्रिक झालेला मास्तर. वैद्यकातले माझे ज्ञान वाचून मिळवलेले आहे, पण ते मिळवावयास फार खटाटोप पडला नाही. कामातून जडणारा दमा दोन वाटांनी येतो. एक, तिखट वाफांनी श्वासनलिका पुन्हापुन्हा भाजून निघतात. दुसरी वाट अधिक कपटी आहे. एखादा पदार्थ महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे निमूट सोसला जातो आणि एके दिवशी शरीर त्याच्याशी वैर धरते. मग त्याचा लवलेशही छाती आवळावयास पुरतो. पावाच्या भट्टीतल्या कामगाराला पिठाने, मोटारींवर रंगाचे फवारे मारणाऱ्याला त्या रंगातील आयसोसायनेटने, सुताराला काही जातींच्या लाकडांच्या भुशाने हेच होते. गिरणगावातील कापसाच्या धुळीचा रोग थोडा निराळा. तिथे रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारीच छाती अधिक भरे. अमेरिका व युरोपातील छातीच्या वैद्यांच्या संस्थांनी 2019 साली मिळून काढलेला अंदाज असा, की प्रौढपणी जडणाऱ्या दम्यापैकी सुमारे 16 टक्के कामामुळे असतो. नॉर्वेतील बर्गेन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 साली, सहा हजारांहून अधिक माणसांच्या सुमारे वीस वर्षांच्या नोंदी तपासून दाखवले, की साफसफाई करणाऱ्या स्त्रियांच्या फुप्फुसांची शक्ती इतर स्त्रियांपेक्षा लवकर घटते. घरच्या घरी सफाई करणाऱ्या गृहिणीही त्यातून सुटल्या नव्हत्या. तेव्हा ही गोष्ट केवळ मोलकरणीची आहे असे समजून कुणी पान उलटू नये.

आमच्या शाळेत सफाई करणाऱ्या मावशी जिना चढताना दोनदा थांबतात. त्या मला म्हणाल्या, "गुरुजी, मे महिन्यात गावी गेले की छाती कशी मोकळी होते बघा. जूनला शाळा उघडली की पुन्हा धाप." रोगाचे निदान याहून अधिक स्पष्ट शब्दांत कोण करणार? सुट्टीत बरे वाटणे आणि कामावर परतताच बिघडणे, ही तर या दम्याची मुख्य खूण. फुंकर मोजण्याच्या साध्या नळीने कामाच्या दिवशी व सुट्टीच्या दिवशी फुंकून पाहिले तर ती कागदावरही उतरते. पण मावशींच्या डॉक्टरांनी आधी हवेला दोष दिला, मग वयाला. तुम्ही काम काय करता, हे त्यांनी विचारलेच नाही! रोग्याला त्याचा धंदा विचारा, असे इटलीतील रामाझिनी या वैद्याने 1700 साली आपल्या ग्रंथात बजावून ठेवले आहे. सव्वातीनशे वर्षे झाली. आमच्या गल्लीतल्या दवाखान्यापर्यंत ते अजून पोचावयाचे आहे.

"फडके देतो, पण या बायका तोंडाला बांधत नाहीत," असे एक पालुपद नेहमी ऐकू येते. फडक्याने थोडी धूळ अडेल. वायू अडत नाही. दुसरे पालुपद याहून निर्दय आहे: "सोसत नसेल तर दुसरे काम बघावे." या दम्यात ज्याच्यामुळे तो जडला त्या पदार्थापासून लवकर दूर होणे हाच उत्तम उपाय, हे खरे, पण दूर कुणी व्हावयाचे, बाईने की बाटलीने?

कामगारांच्या नुकसानभरपाईच्या 1923 च्या कायद्यातील रोगांच्या यादीत कामातून जडणारा दमा पुढे नोंदला गेला. घरकामाच्या बाईला त्याचा काय उपयोग? ती कुणाच्या हजेरीपटावर आहे? महाराष्ट्राने 2008 साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. आपल्या घरी येणाऱ्या बाईची तिथे नोंद आहे काय, हे फराळाचे ताट पुढे करताना तिला विचारून पाहा. शाळाकचेऱ्यांतील बाईची अडचण वेगळी. तिचा कंत्राटदार बदलतो, कागद बदलतात, आणि दमा कुणाच्या कारकिर्दीत जडला हे ठरवणे कुणाच्याच सोयीचे नसते.

मी आमच्या संस्थेच्या चालकांकडे लेखी अर्ज दिला आहे. ॲसिडची खरेदी बंद करावी, ब्लीच लागलेच तर ते एकटे आणि खिडक्या उघडून वापरावे, फवाऱ्याऐवजी फडके भिजवावे, आणि मावशींची छाती संस्थेच्या खर्चाने तपासून घ्यावी, एवढेच त्यात आहे. त्यावर शेरा आला, "खर्चाची तरतूद नाही." त्याच पानावर खाली दीपोत्सवाच्या रोषणाईची रक्कम मंजूर झालेली होती. दुसरा अर्ज मी सुट्टी संपताच देणार आहे. रोषणाईच्या आकड्याची नक्कल त्याला जोडलेली असेल.