चाळीस रुपये किलोचा ऊस कुठे मिळतो?

मंडळी, आठवीच्या एका सराव पुस्तिकेतलं गणित वाचा. 'एका शेतकऱ्याने २५ किलो ऊस ४० रुपये किलो दराने विकला, तर त्याला किती रुपये मिळाले?' वर ठळक अक्षरांत: जीवनाशी निगडित प्रश्न. (पुस्तिका कोणाची ते विचारू नका, अशा ढिगाने आहेत.)

कोणाच्या जीवनाशी? आपल्याकडे ऊस टनावर जातो हे वर्गातल्या निम्म्या पोरांना जन्मापासून माहीत आहे. तरी ती मुकाट्याने १००० लिहितात. कारण गणिताच्या तासाला खरं-खोटं बघायचं नसतं, आकडे दिसले की गुणायचं, एवढं त्यांना पाचवीतच कळलेलं असतं. माझं भांडण इथेच आहे. राजूच्या पेरूंच्या जागी शेतकऱ्याची पोती टाकली की झालं म्हणे वास्तव गणित!

आता खरं गणित बघा. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी टनाला ३५५० रुपये, तीही १०.२५ टक्के उताऱ्याला. त्यापुढे प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागे ३४ रुपये ६० पैसे जादा. म्हणजे उतारा ११.२५ धरला तर ३८९६ रुपये. त्यातून तोडणी-वाहतूक वजा. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर वर्षाला १५ टक्के व्याज, असं ऊस नियंत्रण आदेशात लिहिलंय. दशांश अपूर्णांक, शेकडेवारी, सरळव्याज, सगळं एका बिलावर आहे.

ते बिल (नाव खोडून) सातवी-आठवीच्या पोरांपुढे ठेवा आणि एकच विचारा: कारखान्याकडून या माणसाला अजून किती येणं आहे? बिलावर गाडी नंबर असेल, स्लिप नंबर असेल, नको ते दहा आकडे असतील. असू द्या, निवडू देत पोरांना. उतारा लिहिलेला नसेल. मग 'सर, उतारा किती?' हे पोरानेच विचारलं पाहिजे. तो प्रश्न पडला की अर्धं गणित आलं. एक लाखाचं बिल ६० दिवस उशिरा निघालं तर व्याज होतं सुमारे २४६६ रुपये. गावात किती जणांनी हे व्याज कधी मागितलंय, सांगा बरं.

कोणी म्हणेल, सगळ्यांच्या घरी ऊस नसतो. बरोबर. त्याच वर्गात टोळीतल्या मजुराचं पोरगंही बसतं, निदान हंगाम सुरू होईपर्यंत तरी. त्याच्या बाजूने मांडा. समजा जोडीने १ लाख उचल घेतली, टनाला ४०० रुपये धरले आणि जोडी दिवसाला २ टन तोडते. उचल फिटायला २५० टन, म्हणजे १२५ दिवस. कारखाना १०० दिवसांत बंद झाला तर? ५० टन राहिले, २० हजार रुपये पुढच्या हंगामावर. मधली खर्ची, आजारपणाचे खाडे तर यात धरलेलेच नाहीत. आकडे मी धरलेत, खरे त्या पोराच्या घरून येतील. बागायतदाराच्या आणि मजुराच्या पोराने शेजारी बसून हे सोडवलं तर काय काय बोलणं निघेल! निघू दे की.

हे काही माझं खूळ नाही. ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांची पाहणी 'असर'ने २०२३ मध्ये केली. वजाबाकी किंवा त्यापुढचं येणाऱ्यांना रोजच्या व्यवहारातली गणितं दिली, तर कर्जाची परतफेड किती हे जेमतेम १० टक्के मुलांना काढता आलं. वय बघा, हीच पोरं दोन-चार वर्षांत बँकेच्या, फायनान्सवाल्याच्या कागदावर सही करणार.

आणि आपण कशावर भांडलो? २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस' की 'वीस एक' यावर अख्खा महाराष्ट्र पेटला होता. चॅनेलवर चर्चा, विधिमंडळात टोले. पुस्तकातली गणितं खरी की खोटी, यावर तेव्हाही कोणी बोललं नाही, आजही नाही.

शिक्षकांवर सगळं ढकलायला मी तयार नाही. निवडणुकीची ड्युटी, ऑनलाइन माहिती, पोषण आहाराचे हिशेब (तेही एक फक्कड गणित आहे, पोरांकडून करून घ्या) यातून वेळ काढून मास्तर गणित रचणार, आणि परीक्षेत पुन्हा ४० रुपये किलोचा ऊस येणार! पेपर काढणाऱ्यांनी एक तरी प्रश्न असा घालावा, ज्यात जादा माहिती आहे आणि 'तुम्ही काय धरलं ते लिहा' याला गुण आहेत. तपासायला किचकट जातं, मान्य. पगार त्याचाच आहे.

तोवर ज्यांच्याकडे मागच्या हंगामाची ऊसबिलं पडून आहेत त्यांनी नाव, खाते नंबर खोडून आपापल्या शाळेतल्या गणिताच्या सरांना, बाईंना नेऊन द्या. टोळीच्या हिशेबाची वही मिळाली तर तीही. कोणी वर्गात वापरली आणि पोरांनी काही भलतंच विचारलं, तर खाली कमेंटमध्ये जरूर लिहा.