विश्लेषण : गावच्या डोंगराचा नकाशा मोफत मिळतो; तो वाचायचा कसा?

रायगड जिल्ह्यातील इरशाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. दरडप्रवण ठिकाणांच्या यादीत या वाडीचे नावच नव्हते, असे सरकारने दुसऱ्या दिवशी विधिमंडळात सांगितले. त्याआधी ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव असेच गाडले गेले होते. यादीत नाव नाही म्हणजे धोका नाही, असे मानता येत नाही. आपल्या डोंगराची प्राथमिक माहिती आज कुणालाही मोफत पाहता येते. प्रश्न ती वापरण्याचा आहे.

कोणती माहिती कुठे मिळते?

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ या संकेतस्थळावर दरड कोसळण्याची शक्यता जास्त, मध्यम की कमी, हे दाखवणारा नकाशा आहे. ‘इस्रो’च्या ‘भुवन’वर उपग्रहचित्रे पाहता येतात. मोफत नोंदणी केल्यास कार्टोसॅट उपग्रहावरून तयार झालेली जमिनीच्या उंचीची माहितीही उतरवून घेता येते. तिच्यावरून ‘क्यूजीआयएस’ या मोफत प्रणालीत उताराचा नकाशा बनतो. त्यासाठी मात्र संगणक लागतो. महाविद्यालयातील विद्यार्थी हे काम करू शकतात. राज्याच्या कृषी विभागाच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर महसूल मंडळनिहाय पावसाचे आकडे मिळतात.

डोंगर बदलला, हे कसे कळते?

अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची १९७२ पासूनची चित्रे २००८ पासून मोफत आहेत. युरोपच्या ‘सेंटिनेल-२’ची चित्रे अधिक बारीक, म्हणजे १० मीटरपर्यंतचा तपशील दाखवणारी असतात. झाडी कुठे कमी झाली, रस्त्यासाठी किंवा खाणीसाठी डोंगर कुठे कापला, हे त्यांतून दिसते. तुलना करताना महिना एकच घ्यावा. ऑक्टोबरचा हिरवा आणि एप्रिलचा वाळलेला डोंगर शेजारी ठेवले, तर जंगलतोड झाल्याचा भास होतो. पावसाळ्यात ढगांमुळे ही चित्रे फारशी उपयोगी पडत नाहीत.

नकाशा कुठे फसवतो?

‘भूकोश’वरील दरडींचा नकाशा १:५०,००० प्रमाणाचा आहे. म्हणजे नकाशावरचा १ सेंटीमीटर हा जमिनीवरचा ५०० मीटर. १०० मीटर लांबीची वाडी त्यावर जेमतेम २ मिलिमीटर भरते. उंचीच्या माहितीतला एकेक चौकोन ३० मीटरचा असेल, तर घरामागे कापलेला उतार त्यात दिसत नाही. पर्जन्यमापक पायथ्याच्या गावात असतो आणि माथ्यावर पाऊस कितीतरी जास्त पडलेला असू शकतो. म्हणून ‘कमी शक्यता’ हा रंग सुरक्षिततेचा दाखला ठरत नाही.

जमिनीवर काय पाहायचे?

उतारावर पडलेले तडे, झुकलेली झाडे आणि विजेचे खांब, घरांच्या भिंतींना गेलेल्या नव्या भेगा, अचानक फुटलेला झरा, एकाएकी गढूळ झालेले पाणी. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, त्याच जागेवरून फोटो काढून तारीख आणि ठिकाण नोंदवावे. पूर्वी दरड कुठे आली होती, हे गावातील वडीलधाऱ्यांना विचारून तेही नकाशावर मांडावे. मुसळधार पावसात ही लक्षणे दिसली, तर फोटोसाठी थांबू नये. आधी जागा सोडावी, इतरांना सावध करावे आणि जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर कळवावे.

पुढे काय?

अशी नोंद हा भूवैज्ञानिकाच्या पाहणीला पर्याय नाही. पण ती पाहणी मागण्याचा ठोस आधार आहे. ग्रामसभेच्या ठरावासोबत नकाशा आणि फोटो तहसीलदारांकडे आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे गेले, तर ‘भीती वाटते’ या तक्रारीला पुराव्याचे बळ मिळते. सरकारनेही आपला वाटा उचलायला हवा. दरडींचे नकाशे सोप्या मराठीत द्यावेत आणि प्रत्येक पाहणीचा अहवाल त्या गावाच्या ग्रामपंचायतीत लावावा. डोंगराखाली राहणाऱ्यांना त्या डोंगराची माहिती दुर्घटनेनंतर मिळत असेल, तर ती मोफत असून काय उपयोग?